सपाट डबा आणि माशाचं पोट

वाचकांचे प्रश्न : छोटी रेल्वे

गेल्या महिन्यात मिरज यार्डातून गेलेल्या रणगाड्यांच्या गाडीवर मी चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा रतीबच सुरू झाला. सगळी पत्रं सपाट डब्यांची. ज्याला भिंती नाहीत, छप्पर नाही, त्याच्याबद्दल विचारण्यासारखं एवढं असेल असं मलाही वाटलं नव्हतं. संपादकांना ‘वाघीण’ हा शब्द आवडतो. मी १९८१ साली रेल्वेत खलाशी म्हणून लागलो आणि कॅरेज अँड वॅगन खात्यात ३४ वर्षं काढली, पण यार्डात कुणाच्या तोंडून वाघीण ऐकली नाही. आम्ही डबा म्हणायचो, फार तर वॅगन. इथेही तेच चालवतो.

प्रश्न : मामांनी अमेरिकेहून एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान मॉडेलची, सहा आसांची फ्लॅट वॅगन आणली. वर दोन रणगाडे आहेत. माझा रूळ १८ इंच त्रिज्येचा गोल आहे. एकटी ढकलली तर ती नीट फिरते, पण इंजिनामागे लावून मागे सात-आठ डबे जोडले की वळणावर आतल्या बाजूला पडते. रणगाडे काढून ठेवले तर आणखी लवकर पडते. दोष कशात आहे? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : बाळा, तुझं शेवटून दुसरं वाक्य तू सगळ्यात आधी लिहायला हवं होतंस. रणगाडे उतरवल्यावर डबा जास्त पडतो, म्हणजे डबा हलका आहे. आता टेबलावर एक सुतळी वळण देऊन पसर आणि दोन्ही टोकं ओढ. सुतळी आतल्या बाजूला सरकून सरळ व्हायला बघते. गाडीचंही तेच. पुढून इंजिन ओढतंय, मागून सात-आठ डबे ताणतायत, आणि मधला हलका डबा सुतळीसारखा आत खेचला जातो. खऱ्या रेल्वेतही हे घडतं, म्हणून लांबलचक मालगाडीत रिकामे लांब डबे इंजिनाला लागून ठेवायचं टाळतात. तू आज रात्री तो डबा नुसता शेपटाला लावून बघ. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

उरलेल्या निम्म्यासाठी वजन. अमेरिकेतल्या मॉडेलवाल्यांच्या संघटनेचा, म्हणजे नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा, एचओसाठी एक ठोकताळा आहे : डब्याला १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. तुझा डबा ६८ फुटी असेल तर १:८७ मापात तो २३८ मिमी भरतो, म्हणजे साधारण ९.४ इंच. हिशेब ५.७ औंसांवर जातो, म्हणजे १६० ग्रॅम. आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघ. रणगाडे सोडून ८० ग्रॅमसुद्धा भरणार नाही, पैज लावतो.

बंद डब्यात वजन लपवायला अख्खी खोली असते. सपाट डब्यात जागा म्हणजे खालच्या तुळयांमधल्या फटी, तेवढीच. मोटारीच्या चाकांचं बॅलन्सिंग करणाऱ्या दुकानात चिकटपट्टीवर ५-५ ग्रॅमचे चौकोनी तुकडे मिळतात. लोखंडीच माग. ते मधल्या तुळईच्या दोन्ही अंगांना समान लाव. वजन रणगाड्यांच्या पोटात भरू नकोस. तसं केलंस तर डबा जड होईल, पण गुरुत्वमध्य वर जाईल आणि आज आत पडणारा डबा उद्या जोरात पळवलास की बाहेर पडेल.

मग बॉगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा फिरता सांगाडा, बघ. सिक लाइनला, म्हणजे नादुरुस्त डब्यांच्या लाइनीवर, डबा आला की आम्ही खालून वर जायचो : आधी चाक, मग बॉगी, मग सांगाडा. तूही तसंच कर. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ ते १४.६ मिमी हवं. मग डबा आरशाच्या काचेवर ठेव. एखादं चाक काचेला टेकत नसेल तर दोन्ही बॉगींचे स्क्रू सारखे आवळलेले असणार. एका बॉगीचा स्क्रू इतकाच घट्ट ठेव की ती फिरेल पण डुलणार नाही, दुसरीचा थोडा सैल, म्हणजे ती दोन्ही बाजूंना डुलेल. तीन पायांचं स्टूल कधी डगमगत नाही, तोच हा प्रकार.

तुझ्या बॉगीला तीन आस आहेत, म्हणून एक जादा काम. वळणावर मधल्या आसाला बाजूला सरकावं लागतं. बॉगीच्या पहिल्या आणि तिसऱ्या आसातलं अंतर ४० मिमी धरलं, तर १८ इंच म्हणजे ४५७ मिमीच्या वळणावर ही सरक जवळजवळ अर्धा मिमी येते (अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, हे तुला मी शिकवायला नको). मधला आस बोटानं तेवढा हलतो का बघ. नसेल हलत तर चाक रुळावर चढणारच. आणि तुझं वळण किती क्रूर आहे तेही लक्षात घे. ४५७ मिमी गुणिले ८७ म्हणजे खऱ्या जगात ४० मीटर त्रिज्या. आपल्या ब्रॉडगेजवर १० अंशाचं वळण अतिशय तीव्र समजतात, त्याची त्रिज्या १७५ मीटर असते. एचओमध्ये ती २ मीटर होईल. मामांच्या डब्यानं १८ इंची वळण एकट्यानं पार केलं हेच नवल.

सहा आस कशाला, हेही तू विचारलं नाहीस पण सांगतो. आपल्या जुन्या चार आसी मालडब्याला आसामागे २०.३२ टन, म्हणून एकूण ८१.२८ टन. हा आकडा मला झोपेत विचारा. अमेरिकेत चार आसी डबा २ लाख ८६ हजार पौंडांपर्यंत, म्हणजे आसामागे ३२ टनांच्या वर जातो. तरी एका डब्यावर साठ-साठ टनांच्या पुढचे दोन अब्राम्स रणगाडे चढवायचे तर चार आस पुरत नाहीत, म्हणून तीन-तीन आसांच्या दोन बॉगी. वजन वाढलं की आस वाढवायचे, ते वाढत वाढत ३६ आसांच्या श्नाबेल डब्यापर्यंत जातात. श्नाबेल म्हणजे जर्मनमध्ये चोच. त्या डब्याला मधे पाटाच, म्हणजे माल ठेवायचा तळच, नसतो. दोन बाजूंच्या दोन चोचींत प्रचंड ट्रान्सफॉर्मर किंवा अणुभट्टीचं भांडं पकडतात आणि तो मालच डब्याचा मधला भाग होतो. रिकामा असला की दोन चोची एकमेकींना जोडून टाकतात. एचओमध्ये तो करायची हौस असेल तर आधी लग्न कर, मुलं मोठी कर, मग बस.

प्रश्न : कराड स्टेशनात थांबलेला एक रिकामा सपाट डबा नीट न्याहाळला. मधे किंचित उंच, टोकांना उतरता दिसला. जुना होऊन वाकला असावा का? असे डबे गाडीत लावणं धोक्याचं नाही का? (निवृत्त शिक्षक, कराड)

उत्तर : गुरुजी, तुमची नजर पक्की आहे, निष्कर्ष मात्र उलटा. जुना होऊन डबा मधे खाली बसतो, वर उठत नाही. तो उंचवटा कारखान्यातच देतात. मांडवाचा लांब वासा दोन टोकांना टेकवून मधे माणूस बसवला की वासा वाकतो. जड माल वाहणाऱ्या सपाट डब्याला भिंतींचा आधार नसतो, सगळा भार खालच्या तुळईवर. म्हणून तिला आधीच थोडी वर पाठ दिलेली असते. भरला की डबा सरळ होतो, रिकामा झाला की परत पाठ वर करतो.

याच कारणानं अमेरिकेतल्या अनेक जड फ्लॅट डब्यांची बाजूची तुळई टोकांना अरुंद आणि मधे खोल असते. बाजूनं बघितलं तर माशाच्या पोटासारखी. वाकवणारा जोर मधे सगळ्यात जास्त, टोकांकडे कमी, तिथे लोखंड फुकट कशाला घालायचं? मॉडेल करणारे इथेच चुकतात. वरचा माल करण्यात महिनाभर घालवतात, रणगाड्याच्या तोफेला भोक पाडतात, आणि डबा म्हणून खाली एक सरळ पट्टी ठेवतात. शिवाय प्लास्टिक सहा महिन्यांत मधे खाली बसतं. मग तो डबा बघितला की मला खिशातून खडू काढून त्याच्यावर ‘सिक’ लिहावंसं वाटतं.

मी असं करतो : सांगाडा जोडताना तो काचेवर उलटा ठेवतो. दोन्ही टोकांखाली पोस्टकार्डाचा एकेक तुकडा सरकवतो, मधे एखादा नट ठेवून दाबतो आणि गोंद रात्रभर वाळू देतो. सकाळी सुलटा केला की पाठ केसभर वर. पोस्टकार्डाची जाडी पाव मिमी धरली तर खऱ्या मापात २२ मिमी होते. बघणाऱ्याला आकडा कळत नाही, पण डबा जिवंत दिसतो.

प्रश्न : मुलाला शाळेच्या प्रदर्शनासाठी भारतीय सपाट डबा करायचा आहे, रूळ वाहणारा. मापं आणि साहित्य सांगाल का? खर्च फार नको. (गृहिणी, मिरज)

उत्तर : ताई, बीआरएन करा. ‘बी’ म्हणजे बॉगीचा, ‘आर’ म्हणजे रूळ वाहणारा, ‘एन’ म्हणजे हवेच्या ब्रेकचा. हेडस्टॉकपासून (डब्याच्या टोकाची आडवी तुळई) हेडस्टॉकपर्यंत १३,७१६ मिमी, म्हणजे बरोबर ४५ फूट. कपलिंगसकट १४,६४५ मिमी. १:८७ मध्ये अनुक्रमे १५८ आणि १६८ मिमी. याच्या खाली असते त्या कॅस्नब नावाच्या बॉगीच्या दोन आसांतलं अंतर २,००० मिमी, चाक १,००० मिमी. मॉडेलमध्ये २३ आणि साडेअकरा. शाळेच्या पट्टीवर एवढं मोजता येतं.

साहित्यासाठी मुंबईला फोन करू नका, तुम्ही मिरजेत आहात. सतारमेकर गल्लीत जा. तंबोऱ्याच्या कामात तुणाच्या लाकडाचे बारीक तुकडे उरतात, चांगले मुरलेले, न वाकणारे. माल बांधायचे ठोकळे आणि पाचरी त्यांतून कापा. तुटलेली पोलादी तारही मागून आणा. ०.३ मिमी जाडीची तार ८७ पट केली की २६ मिमी होते, म्हणजे डब्याच्या टोकाला चढायच्या लोखंडी दांडीएवढी. मात्र ती तार हट्टी असते. चिमट्यानं वाकवली की परत उसळते, म्हणून आधी मेणबत्तीवर लाल करून गार होऊ द्या. हे काम मुलाला एकट्याला देऊ नका. बाजूच्या खुंट्यांसाठी टाचण्या चालतील, डोकी छाटून.

लाकूड नवं, पिवळं दिसलं तर एक जुना उपाय आहे. भांडी घासायची तारेची घासणी व्हिनेगरमध्ये दोन दिवस भिजत घाला. लाकडाला आधी कडक, बिनदुधाच्या चहाचा हात द्या, वाळलं की ते पाणी फिरवा. चहातलं टॅनिन आणि लोखंड मिळून लाकूड करडं पडतं, चार पावसाळे खाल्ल्यासारखं. साखळी हवी असेल तर सोनाराकडे जुन्या बेन्टेक्सच्या तुटक्या साखळ्या असतात, सगळ्यात बारीक कडीची निवडा.

माल म्हणून रूळच ठेवायचे असतील तर एक गंमत प्रदर्शनात सांगता येईल. भिलाईहून २६० मीटर लांबीचे जोडलेले रूळ येतात. एक रूळ अठरा डब्यांवर पसरेल एवढा. गाडी वळणावर गेली की पोलादाचा रूळ वेताच्या छडीसारखा वाकतो आणि पुढे सरळ होतो. त्याला सगळ्या डब्यांवर आवळून टाकलं तर डबेच ओढले जातील, म्हणून एका जागी घट्ट धरतात आणि बाकीच्या डब्यांवर तो रोलरवरून मागेपुढे सरकू देतात. मॉडेलमध्ये हा रूळ ३ मीटरचा. शाळेच्या हॉलचं टेबल पुरायचं नाही, तेव्हा डब्याच्या लांबीचे तुकडेच ठेवा.

प्रश्न : वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांची पाती आणणारे ट्रेलर आमच्या घाटात तासन्तास अडकतात. ती पाती सपाट डब्यांवरून का आणत नाहीत? (वाचक, पाटण)

उत्तर : पठारावर रूळ नाहीत, हे पहिलं उत्तर. कराडला किंवा माहुलीच्या सातारा स्टेशनात उतरवून पुन्हा ट्रेलरवरच चढवायचं, म्हणजे क्रेनचा खर्च दोनदा आणि घाट काही चुकत नाही. अमेरिकेत पाती रेल्वेनं जातात. एक पातं दोन-तीन डब्यांवर, एका टेकूवर पकडलेलं आणि दुसऱ्यावर सरकतं. वरच्या रुळाचाच न्याय. पण तिथे मैदानं लांब आणि वळणं मोठी.

आपल्याकडे ब्रॉडगेजच्या गाडीला रुंदीची मर्यादा ३,२५० मिमी. त्याच्या बाहेर काही डोकावलं की तो माल ‘ओडीसी’ (ओव्हर डायमेन्शनल कन्साइनमेंट, मापाबाहेरचा माल) होतो, आणि मग वेगाचे निर्बंध, सोबत माणूस, शेजारच्या लाइनीवर कुठली गाडी आहे याची चौकशी, असं लग्नाच्या वरातीसारखं सगळं सुरू होतं. रणगाडासुद्धा या मापात बसत नाही. लांब वस्तू सरळ रुळावर मापात असली तरी वळणावर तिचं पोट आत येतं. टेकूंमधलं अंतर ३० मीटर आणि वळण १७५ मीटरचं असेल तर मधोमध ती ६४ सेंटिमीटर आत झुकते. आता पुणे-मिरज मार्गावरच्या शिंदवणे आणि आदर्कीच्या घाटातले बोगदे डोळ्यांपुढे आणा. ट्रेलरमागे अडकलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटणार नाही, ठाऊक आहे.

ट्रकच डब्यावर चढवून नेण्याची सोय मात्र आपल्या शेजारी आहे. कोकण रेल्वेनं २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते वेर्णा रो-रो सुरू केली, तीही याच बीआरएन डब्यांवर. चालक-क्लीनर ट्रकमध्येच बसून जातात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा एक क्लीनर डब्यावर बसून आरामात कांदा चिरत होता.

प्रश्न : दोन अंकांपूर्वी तुम्ही शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात कालवून डब्याखाली भरायला सांगितलंत. मी तसं केलं. माझ्या मित्राचं म्हणणं आहे की डबा फुटेल. खरं काय? (वाचक, इस्लामपूर)

उत्तर : मित्राला चहा पाजा. चूक माझी. ते लिहिलं तेव्हा माझा स्वतःचा डबा फुटायचा होता.

तुमच्यासारखाच एक डबा मी केला होता, दोन तुळयांमधल्या पोकळीत शिशाचे छर्रे आणि सुताराचा पांढरा गोंद. दोन वर्षं छान चालला. गेल्या महिन्यात कपाटातून काढला तर बाजूच्या पट्ट्या बाहेर आलेल्या, पाटा मधे चिरलेला, आणि फटीतून पिठासारखी पांढरी भुकटी. माशाचं पोट खरोखर माशासारखं फुगलेलं. नातीनं विचारलं, “आजोबा, याला बुरशी आली?” त्या गोंदातून थोडं थोडं ॲसेटिक ॲसिड सुटत राहतं. शिशाला ते सोसत नाही. त्यावर पांढरा क्षार धरतो, तो मूळ शिशापेक्षा जास्त जागा घेतो, आणि बंद पोकळीत जागा नसली की भिंत फोडतो.

तुमचा डबा अजून शाबूत असेल तर छर्रे आजच काढा. हातमोजे घाला, भुकटी फुंकू नका, ओल्या कापडानं पुसा, मुलांना लांब ठेवा. शिसं विषारी आहे, आणि मी हे त्या वेळी लिहिलं नाही ही दुसरी चूक. त्या जागी लोखंडी तुकडे घाला, अ‍ॅराल्डाइटसारख्या दोन नळ्यांच्या गोंदानं चिकटवा.

प्रश्न : लहानपणी कवठेमहांकाळहून मिरजेला नॅरोगेजनं यायचो. मिरजेचं तीन गेजांचं यार्ड एकाच मापात करता येईल का? सपाट डब्यावर दुसऱ्या गेजचा डबा ठेवून नेत असत का? (वाचक, वय ७१)

उत्तर : करता येतं, आणि १:८७ त्याला फार सोयीचं आहे. मीटरगेज ८७ नं भागलं की साडेअकरा मिमी येतं, त्यासाठी १२ मिमीचा तयार रूळ. आपलं ७६२ मिमीचं नॅरोगेज पावणेनऊ येतं, त्याला ९ मिमी. अडतं ते ब्रॉडगेजवर. १,६७६ चे १९.२६ मिमी होतात आणि बाजारात १६.५ चाच रूळ मिळतो, जो परदेशातल्या १,४३५ साठी आहे. तेवढी तडजोड बहुतेक जण करतात. तीन रूळ शेजारीशेजारी टाकल्यावर ब्रॉडगेज थोडं कृश दिसतं, पण तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला कळणार?

दुसऱ्या प्रश्नानं तुम्ही माझी दुखरी जागा दाबलीत. तुमची ती नॅरोगेज म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. ती उभी केली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं. १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, १९२७ ला ती मिरजेला टेकली. रूळ हलका असला तरी प्रत्येक आसावर सारखा ५ टन भार ठेवला तर लहान गेज मोठं काम करू शकतं, हा त्यांचा आग्रह. याच माणसानं पुढे इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही त्याच गेजची लाइन आखली. १९०४ ला ती सुरू झाली, आणि तिथे बुटके सपाट डबे केले, ज्यांच्यावर मोठ्या गेजचा अख्खा भरलेला डबा चढवून नॅरोगेजवरून नेता येई. माल उतरवा-चढवा नको.

मिरजेत मी तसं कधी पाहिलं नाही. मी पाहिले ते हमाल. मीटरगेजचा डबा एका बाजूला, ब्रॉडगेजचा दुसऱ्या बाजूला, मधे फळी, आणि डोक्यावर ओलं फडकं घेऊन हळदीची पोती इकडून तिकडे. संध्याकाळी त्यांचे हात, मान, धोतराचे सोगे सगळे पिवळे व्हायचे, आणि आमच्या वंगणाच्या डब्यातसुद्धा हळद उतरायची.

तो बुटका डबा तुम्ही ९ मिमीच्या रुळावर करायला घेतलात तर पाटा रुळाच्या जितका जवळ आणाल तितका चांगला, नाहीतर वर मोठा डबा ठेवल्यावर पहिल्याच वळणाला कोलमडेल. झाला की फोटो पाठवा. वरून काढलेला नको, खालून काढा.